सव्वा शेर तेल

काळथरच्या खाडीच्या तोंडाशी, दर्ग्यात,
हिरव्या चादरीखाली एक दगड आडवा आहे.
लांबी सात फूट दोन इंच, मीच मोजली.
एका टोकाला निमुळता. भोके तीन:
माथ्याशी एक गोल,
पायथ्याशी दोन चौकोनी, एकमेकांना काटकोनात.

लोक सांगतात, दर्याशा पीर यावर बसून आले
अरबांच्या मुलखातून, चाळीस दिवस,
चौकोनी भोकांत पाय, गोल भोकात काठी.
दगड तरंगला.
खारवी बाया सांगतात, पीर मागाहूनचा;
आधी जळूबाय आली, भोके म्हणजे तिचे डोळे आणि तोंड.
दगड तरंगला, यावर मात्र
दोन्ही वाड्यांचे एकमत.

मी आधी कागद घेतले.
सर्वांत जुनी आदिलशाही सनद, कोपरा वाळवीने खाल्लेला:
‘दर्गे मजकुरास दिवाबत्तीबद्दल तेल सव्वा शेर दरमहा.’
तरंगण्याचा उल्लेख नाही.
कारकून चमत्काराला तेल मंजूर करत नाही,
दिव्याला करतो.
दुसरी एक हकीकत. तीत चाळीस दिवस आहेत, काठी आहे,
वाटेत भेटलेला मासासुद्धा आहे,
पण पान उजेडाकडे धरले
की आत विलायती गिरणीचा छाप उमटतो.
मधली अडीचशे वर्षे गप्प आहेत,
आणि गप्प बसलेल्याची जबानी
बाजूने लिहावी की विरुद्ध, हे मला कोणी शिकवले नाही.

मग दगड.
जांभा नव्हे, काळा पत्थरही नव्हे.
चौथऱ्यामागे पडलेल्या कपचीवर आम्लाचा थेंब टाकला,
फसफसली.
चुनखडी. असली या किनाऱ्याला नाही.
म्हणजे हा आला. समुद्रावरूनच आला,
गलबताच्या नाळेवर, काथ्याच्या दोराला बांधलेला,
चौकोनी भोकांत लाकडी दात ठोकून.
नांगर.
बुडण्यासाठीच घडवलेली वस्तू,
आणि गावाने नेमके तिचे तरंगणे लक्षात ठेवले.

गोल भोकाची कड लोण्यासारखी झिजली आहे.
दोराने?
की नवस बोलताना आत बोट फिरवणाऱ्या बायांनी?
भिंगाखाली दोन्ही झिजा सारख्याच दिसतात.

रात्री मी वहीत लिहिले:
वादळ. दोर कापला. जहाज फुटले. एकजण वाचला.
त्याची भाषा इथे कोणाला येईना.
तो दगडाकडे, मग पाण्याकडे, मग स्वतःकडे बोट दाखवत राहिला.
सकाळी खोडले. सुंदर होते,
आणि पुरावा शून्य.

मुजावर दाऊद सारंगांना मसुदा वाचून दाखवला.
कधीकाळी तेही गल्फच्या बोटीवर होते,
नांगर त्यांना माझ्याकडून शिकायचा नव्हता.
“माझ्या बापालाही ठाऊक होतं,” ते म्हणाले,
“भोकं बघूनच कळतं, बाय.
पण लोक नांगराला विचारायला येत नाहीत
तो कुठे घडला.
पोराची बोट परतेल का, विचारतात.”
मग चष्मा पुसत:
“हा ‘बहुधा’ कुणी घातला? तुम्हीच?
राहू दे त्याला.”

सनदीतले तेल कधीच बंद झाले.
आता तेल हसीना सोलकरच्या दुकानातून येते, उधारीवर;
ती वही मी पाहिली नाही, पाहायला हवी होती.

परतीच्या तरीवर तिघेच होतो.
धक्क्याशी तांडेलाच्या पोराने नांगर टाकला,
तेलाच्या डब्यात ओतलेले सिमेंट, वर लोखंडी कडी.
सरळ बुडाला.
बुडबुडे आले, थांबले.
पोर म्हणाला, उतरा की.
मी अजून पाण्याकडे पाहत होते.