गिरणीजवळचा फळा

एकतीस वर्षं प्रेसमध्ये तिकिटं तपासली.
ताव उचलायचा, उजेडाकडे धरायचा,
दात कमी, शाई फुटलेली, रंग सरकलेला:
बोटानं बाजूला.
संध्याकाळी गेटवर झडती.
पदराची गाठ, डब्याचं झाकण, चपलेचा तळ.
कागदाचा कपटा बाहेर न्यायचा नाही.
मी नेला नाही.
डोक्यातलं मात्र कुणी तपासलं नाही,
आणि घरी आणून ते ठेवायचं कुठं
हे मलाही कळलं नाही.

निवृत्त झाले त्या साली जेलरोडच्या आमच्या गल्लीत
एक जुनं दार काळं रंगवून
सोसायटीनं पिठाच्या गिरणीला टेकवून ठोकलं.
अक्षर बरं म्हणून काम माझ्याकडे.
'उद्या पाणी साडेसहा ते सात. मोटार लावू नये.'
एका मंगळवारी खाली जागा उरली
आणि मी लिहिलं: रात्री झोप लागली नाही.
का, ते विचारू नका. खडू हातात होता.

दुसऱ्या दिवशी त्याखाली, निळ्या खडूनं:
लागली का?

तिथून सोळा वर्षं.

लिहिलं काय, तर द्राक्षांच्या क्रेटमध्ये लावलेली मेथी.
बहिणीशी तुटलेलं बोलणं, नाव न घेता
(नाव सगळ्यांना कळलं).
देवळालीला तोफांचा सराव सुरू झाला
की कपाटातल्या बश्या एकमेकींशी बोलतात,
आम्ही दोघं बोलत नव्हतो तेव्हासुद्धा.
उपासनी गुरुजी थुंकीच्या बोटानं ऱ्हस्वदीर्घ सुधारायचे;
माझं दुःख दुपारपर्यंत शुद्ध होऊन जायचं.
बशीरभाई मी लिहीपर्यंत गिरणीचा पट्टा थांबवायचे,
नाहीतर दार हलायचं, अक्षर हलायचं.
घरी गेल्यावर साडीवरची भुकटी
खडूची की ज्वारीची, सांगता यायचं नाही.

हे गेले त्या दिवशी फक्त पाण्याची वेळ लिहिली.
पाणी तर येणारच होतं.
खालची जागा काळी सोडली.
दळणाचे डबे घेऊन माणसं
त्या काळ्या जागेपुढं थोडी जास्त उभी राहिली, म्हणतात.
मी पाहिलं नाही.

आता मागं वळून वाचावं म्हटलं
तर वाचायला काही नाही.
रोज पुसलं. मीच पुसलं,
जुन्या परकराच्या तुकड्यानं.

परवा पगारांची केतकी भेटली, ओझरला नोकरीला असते.
म्हणाली, काकू, तुम्ही लिहिलं होतं ना,
'उशीर झाला तरी दार वाजवून बघावं.'
ते वाचून मी घरी परत गेले होते.
हे माझं नाही.
मी असं लिहीत नाही.
मी लिहिलं असेल कुलपात तेल घालायचं राहिलं,
किंवा कडी गंजली.
प्रेसमध्ये असतं तर बोटानं बाजूला काढलं असतं.
मी म्हटलं, हो, लिहिलं असेल.
आणि जाऊ दिलं.

गोदेला पूर आला की दुतोंड्या मारुतीवर मोजतात:
गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं.
माझं उलट चाललंय.
खांदा धरल्यापासून ओळ दरवर्षी चार बोटं खाली.
डोक्यावरून सुरुवात केली होती,
आता स्टुलावर बसून, कडीच्या भोकाच्याही खाली.
मोठ्या माणसांना वाकावं लागतं,
बरीचशी वाकत नाहीत.
डबा घेऊन आलेली पोरं सरळ उभी राहून वाचतात,
बोट ठेवून, मोठ्यानं, चुकत.

काल एकानं सगळं वाचलं, शेवटपर्यंत,
मग माझ्याकडे वळून विचारलं,
आजी, पण पाणी कधी येणार?

ते लिहायचंच राहिलं होतं.