भेटीचा उद्देश

मकरपुऱ्याच्या त्याच फाटकावर
बाबूभाई आता रजिस्टर पुढे करतो.
एकोणीस वर्षं ह्याच माणसानं
माझ्या स्कूटरला नुसता हात हलवून आत सोडलं.
"शुं करू बेन, नियम छे," म्हणतो,
आणि स्वतःच ओशाळून पेनाचं टोपण काढून देतो.

नाव : हेमांगी खानविलकर.
कुठून आलात : इथे हात अडतो.
दांडियाबाजार लिहू, की लॅबमधून,
खिडकीजवळच्या दुसऱ्या टेबलावरून?
भेटीचा उद्देश : प्रेशर गेज, बत्तीस नग.

गळ्यात पिवळा पास.
हरवल्यास शंभर रुपये.

काम तेच आहे.
काटा शून्यावर येतो का बघायचं,
दाब चढवायचा, थांबायचं, टिपायचं,
दाब उतरवायचा, पुन्हा टिपायचं.
चढताना जो आकडा दाखवला
उतरताना तोच दाखवेल असं नसतं,
थोडं मागचं धरून ठेवतं गेज.
हे मीच शिकवलं होतं पराशरला.
तो आता माझ्या बिलावर सही करतो.

चहा मात्र बदलला.
पूर्वी साडेदहाला, स्टीलच्या पेल्यात, उभ्या उभ्या.
आता कपबशी, दोन बिस्किटं,
आणि मनसुख विचारतो, साखर चालेल ना?
अरे मनसुख, तुझ्या पोरीचा कॉलेजचा फॉर्म
ह्याच टेबलावर भरला होता आपण.
चालेल, म्हणते मी.

एक तारीख आता नुसतीच एक तारीख.
पंचेचाळीस दिवसांनी, म्हणतं अकाउंट्स,
आणि पंचेचाळिसाव्या दिवशी साहेब बाहेरगावी.
फ्रिजवर यादी चिकटवली आहे, कोणाकडे किती अडकलंय.
सासूबाई ती रोज वाचतात, चष्मा पुसून,
हालोलवाले, सावलीवाले, रणोलीचे ते केमिकलवाले,
आणि दिवा लावताना पुटपुटतात :
रणोलीवाल्यांना बुद्धी दे.

खोटं कशाला बोलू,
एका मंगळवारी दुपारी कमाटीबागेत
बाकावर बसून मी शेंगा खाल्ल्या.
मंगळवारची दुपार कशी दिसते
मला ठाऊकच नव्हतं.
माळी पाइप धरून उभा, पाणी कधीचं गेलेलं.
कोणाची रजा मागायची नव्हती,
तरी मी दोनदा मागे वळून पाहिलं.
मग फोन. सावली. अर्जंट.
उरलेल्या शेंगा पर्समध्ये, पावत्यांवर.

वजनांची पेटी आता माझी आहे,
कर्ज काढून घेतलेली, आत निळी मखमल,
वीस किलोपासून एका ग्रॅमपर्यंत नाही,
तेवढे पैसे नव्हते; एक किलोपासून खाली.
उघड्या हातानं शिवायचं नाही,
बोटाचं तेलसुद्धा वजनात धरलं जातं.
मुलगा विचारतो, पण आई,
ही वजनं बरोबर आहेत हे कोण तपासतं?
त्यासाठी वर्षातून एकदा पेटी उचलून
मी जाते आणखी कोणाच्या तरी फाटकावर,
रजिस्टरात नाव लिहिते.

काल सुटताना साडेपाचची पाळी फुटली
आणि मी त्या गर्दीत वाहत गेले,
शारदाबेनच्या गुडघ्यांविषयी ऐकत,
आणि सवयीनं मशीनवर अंगठा ठेवला.
लाल दिवा.
पुसून पुन्हा ठेवला.
लाल.
मागे रांग खोळंबलेली, कोणी काही बोलेना.
"बेन," बाबूभाई हळूच म्हणाला,
"तुमचं इकडून,"
आणि पाससाठी हात पुढे केला.