बोटाएवढी जागा

रात्री अडीचला वाखुश्ती आला
इस्त्रीचा कोट घालून.
कोट कशाला, म्हटलं.
म्हणाला, भाऊ गेला तेव्हा अंगात नुसता बनियन होता,
लोकांनी पाहिलं.

झेस्टाफोनीच्या या दवाखान्यात
छाती दुखते म्हणणाऱ्याचा मी आधी हात बघते.
मूठ वळून उराच्या मधोमध धरतो, घामाने थबथबलेला,
त्याच्यासाठी धावते.
तळवा वरखाली फिरवतो, तो बहुधा
भरल्या पोटी आडवा झालेला असतो,
घशाशी आंबट आलेलं असतं.
वाखुश्तीने एक बोट ठेवलं.
एकच. डावीकडे. नाणं दाबून धरावं तसं.

तरी बोटावर भरवसा ठेवून कुणाला घरी धाडता येत नाही.
तारा लावल्या. कागदावर डोंगर उमटले, सारख्या उंचीचे.
रक्त घेतलं. तीन तासांनी पुन्हा घेतलं.
मधल्या वेळात तो छताकडे बघत
जावयाला कुठली वेल द्यायची नाही ते सांगत होता.

पहाटे दोन्ही रिपोर्ट स्वच्छ.
त्याचं तोंडच पडलं.
"म्हणजे मला काहीच नाही?"

हे "काहीच नाही" घेऊन माणसं घरी जातात
आणि आठवड्याने तीच कळ घेऊन परत येतात,
जास्त घाबरून.
म्हणून कोट काढायला लावला.
बरगड्या मोजत खाली आले, दुसरी, तिसरी,
हाड संपून जिथे कूर्चा लागते
तिथे दाबलं.

तो असा ओरडला की म्झिया नर्स चहा सांडून धावली.
"हेच! हेच ते!"
ओरडण्यात इतका आनंद मी कधी ऐकला नव्हता.

काय उचललंत? काही नाही.
काय ओढलंत? काही नाही.
मग हळूच: क्वेव्री घासली.
वाइनचा रांजण, जमिनीत पुरलेला,
आत माणूस उभा मावेल एवढा.
"भाऊ उतरायचा आत. मी पाणी ओतायचो.
यंदा मला उतरवलं नाही.
वरूनच घासली, लांब दांड्याने,
तीन दिवस."

गोळ्या लिहिल्या. शेक. पंधरा दिवस दांडा बंद.
कळ हातात उतरली, दरदरून घाम आला,
तर मात्र कोट शोधत बसू नका, म्हटलं.
सूज कूर्चेला आहे. खरी आहे.
काळीज शाबूत.

शाबूत, असं तो स्वतःशी एकदा म्हणाला,
जावयाविषयी बोलत होता त्याच आवाजात.

दारात थांबून त्याने कोटावरूनच
ती जागा चाचपली.
दुखली.
हसला.