बॅकवॉश

तीस वर्षं भांडुपला पाणी गाळलं.
तुरटी, वाळू, क्लोरीन, याच क्रमाने,
दिवसपाळी, रातपाळी.
निरोपाला मिळालेलं घड्याळ शोकेसमध्ये आहे
आणि शोकेसशेजारी आता तीन फुटांची काच,
रिकामी.
मी क्रॉफर्ड मार्केटच्या मागच्या गल्लीत
फिल्टर निवडायला उभा.

परकारांचा झुबेर, माझ्या मुलाहून लहान,
स्टुलावरूनच विचारतो,
"काका, पोवळी ठेवायचीत की नुसते मासे?"
पोवळी, म्हटलं.
आमच्या घरात पोवळं एकच,
आईच्या अंगठीतलं, मंगळासाठी घातलेलं.
जिवंत कधी पाहिलं नव्हतं.

"मग कॅनिस्टर विसरा."
कपाटात बसणारा मुका डबा, पोटात स्पंजचे थर.
वेळेवर उघडून धुतला नाही तर
धरून ठेवलेली घाण पाण्यालाच परत वाढतो.
हे मला नको सांगूस, बाबा.
वाळू पाणी धुते,
मग पाण्याने वाळू धुवावी लागते,
उलट्या दिशेने, खालून वर,
गढूळ उकळी शांत होईपर्यंत.
आता गुडघे दर रविवारी खाली बसणार नाहीत.

दुसरा प्रकार मागे टांगायचा. स्वस्त,
पण रटरटत्या भातासारखा आवाज.
तिसरा सम्प, टाकीखाली टाकी,
त्यासाठी काचेला भोक.
मी विजेच्या बिलामागे गणित मांडलं:
लाइट गेली की वरचं बावीस लिटर खाली येणार,
सम्पात तेवढी जागा रिकामी हवी,
नाहीतर ते उतरेल दुसऱ्या मजल्यावर,
वैशंपायनांच्या पीओपीत,
जिथे आमच्या बाथरूमचा नकाशा आधीच उमटलाय.

झुबेर हसला. "मागच्या जन्मी प्लंबर होतात काय?"
याच जन्मी, म्हटलं.

मग त्याने स्किमर चालू करून दाखवला.
नळकांड्यात दुधी बुडबुडे,
ताकावर यावा तसा फेस
चढत चढत वरच्या वाटीत,
आणि वाटीत काळपट, शिळ्या चहासारखं पाणी.
नाक जवळ नेलं.
वास ओळखीचा.
मार्वेला भरती उतरल्यावर वाळूवर
जो पिवळा फेस थरथरत राहतो,
लहानपणी काठीने फोडायचो, तोच.
म्हणजे समुद्रही हेच करतो:
घुसळतो स्वतःला, मळी वर आणतो,
काठावर ठेवून मागे सरतो.
इथे काठाला वाटी लावली आहे,
सोळा हजारांची.

"समुद्र चालत पंधरा मिनिटांवर," मी म्हटलं,
"मग मीठ बादलीने विकत का घ्यायचं?"
तो नुसता बघत राहिला.
या शहराचं पाणी कुठून येतं, कुठे सोडतात,
हे मला विचारायचं
आणि त्याने मला सांगायचं?
विषय बदलला.

नळाचं चालेल का?
"नळाचं तर अजिबात नको. आधी आरओ लावा,
क्लोरीन काढून टाका."

क्लोरीन.
पहाटे तीनला मोजलेला,
नोंदवहीत सही करून सोडलेला,
कुणाच्या पोरांना जुलाब होऊ नयेत म्हणून.
झुबेरच्या पाठीमागे काचेत
एका पोवळ्याने बोटं आत ओढून घेतली.

घेतलं शेवटी: सम्प, मधला स्किमर,
बारा किलो जिवंत दगड.
"लागवडीचा आहे काका, समुद्रातून उपटलेला नाही, कागद आहेत."
ओल्या वर्तमानपत्रात बांधून दिला,
टॅक्सीभर खाऱ्या चिखलाचा वास.

सहा आठवडे आत काही सोडायचं नाही.
जिवाणू दगडात घर करतील,
आपापली पाळी लावून घेतील.

रात्री हेमलता उठून बसते.
"नळ चालू राहिलाय का?"
झोप, म्हणतो.
परवा व्याही आले, काचेला बोट लावून म्हणाले,
काय आहे आत?
पाणी.
नुसतं पाणी?

अमोनिया शून्य पूर्णांक पाच, कालपेक्षा कमी.
वहीत वेळ लिहितो, पहाटेचे तीन,
आणि जुन्या सवयीने
खाली सही करतो.