अठ्ठावीस नाड्या

हार्बिनच्या सहाव्या मजल्यावर, उणे बावीसमध्ये,
थान बाई आम्हाला नाडी शिकवायच्या.
एकच सेमिस्टर, पन्नास मार्कांचा पेपर,
वर त्यांची चित्रलिपी, खाली मोडकं इंग्रजी.
घानाचा क्वाबेना, काठमांडूची निरू,
आणि मी, सेलूचा, दोन थर्मल घालून कुडकुडणारा,
एकमेकांची डावी मनगटं धरून बसायचो.
पहिल्या बोटाखाली हृदय, दुसऱ्याखाली यकृत,
तिसऱ्याखाली मूत्रपिंड.
मला तिन्हीखाली फक्त क्वाबेनाचं घड्याळ लागायचं.

पण पाठ होत्या. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस.
तरंगती, बुडालेली, तारेसारखी ताणलेली.
घसरती म्हणजे ताटलीत मोती घरंगळावेत तशी.
मोत्यांची ताटली आमच्याकडे कुठली?
सुपातली टाळकी ज्वारी, असं वहीत लिहून ठेवलं.

बाई एकदा म्हणाल्या, माझे वडील
तीन वर्षं गुरूच्या शेजारी नुसते बसून होते,
मग त्यांना पहिलं मनगट मिळालं.
तुमच्याकडे बारा आठवडे आहेत.
आणि वळून फळ्यावर पर्याय लिहू लागल्या.

निरू आता सिडनीत हेच शिकते, चार वर्षांची पदवी.
तिथं म्हणे सिलिकॉनचा हात आहे,
बटण दाबलं की घसरती, दुसरं दाबलं की ताणलेली.
मला एक्केचाळीस पडले होते.
इकडची परीक्षा दोनदा दिली,
नाडीवर एकही प्रश्न नव्हता.

मेव्हण्याच्या मेडिकलवर बसतो.
मागच्या जिनिंगमधला कापूस उडून येतो,
खोकल्याच्या बाटल्यांना मिशा फुटतात.
बोर्डावर माझं नाव नाही. लावताही येत नाही.

आज चौत्रामावशीनं काउंटरवर हात टाकला.
"चीनला शिकला म्हन्तेत. बग की बाबू."
म्हटलं, मावशी, मला अधिकार नाही.
"हात धराया कशाला लागतोय अधिकार?"

तीन बोटं ठेवली.
आधी काहीच नाही, नुसती बांगडीची काच.
मग सूप हललं.
घसरती! अगदी पुस्तकातली.
अ, गर्भधारणा. ब, कफ. क, न पचलेलं अन्न.
मावशीचं वय सत्तरच्या पुढे,
खोकला नाही, छाती मोकळी.
"काल कुठं जेवलात?"
मावशी लाजली.
"सोपानच्या पोराचं लगीन व्हतं की.
बुंदी जरा... आन् मठ्ठा."

ॲसिडिटीच्या चार गोळ्या, आठ रुपये.
मावशी गेली.
थान बाई, हार्बिनमध्ये आता रात्र असेल.
अर्धा मार्क तरी वाढवा.