दुरुस्तीरेषा

मैलोन्‌मैल सुतासारखा सरळ जाणारा रस्ता
इथे अचानक पन्नास पावलं डावीकडे सरकतो.
परकी माणसं गाडी चारीत घालतात.
ग्रेडरवाला ओस्टाप हृन्चाक म्हणतो,
पृथ्वी गोल आहे,
हे मोजणीदारांना इथवर आल्यावर आठवलं.

ते साखळी ओढत आले तेव्हा
गवत घोड्याच्या पोटाला लागायचं.
सहा मैल बाय सहा. चौकोन पाडत गेले.
तळ्यांना विचारलं नाही,
क्री लोकांना तर नाहीच नाही.

पालिकेच्या भिंतीवर अजून तो नकाशा आहे.
त्यात पाच शाळा.
जागेवर एक हातपंप आणि लायलॅकचं झुडूप.
धान्याचं उंच कोठार पाडलं त्या दिवशी
कबुतरं अंधार पडेस्तोवर
छप्पर होतं त्याच उंचीवर घिरट्या घालत होती.

हृन्चाकच्या शेतात एक धोंडा आहे, कमरेएवढा,
बायसननी अंग घासघासून गुळगुळीत केलेला.
भोवती त्यांच्या खुरांचं खोलगट रिंगण.
नकाशात नाही, पण
तीन पिढ्यांचा नांगर त्याला वळसा घालतो.

दर वसंतात डेल्फीन कार्डिनल
पोस्टात भेटली की विचारते, आहे ना?
आहे, म्हणतो ओस्टाप.
मग दोघं डिझेलच्या भावावर बोलतात.