बटणांचा फोन

म्वांझाच्या मासळीबाजारामागे, छत्रीखाली माझं दुकान:
एक टेबल, एक भिंग, कथिलाचा वास.
न्यान्झोबेनं कमरेच्या गाठीतून फोन काढला,
रबर गुंडाळलेला, पाचाचं बटण झिजून पांढरं.
"रात्री पैसे भरते, सकाळी नसतात."

मी हसलो. याला कसला रोग होणार, मावशी?
ना इंटरनेट, ना कॅमेरा,
साप आहे, तोही खेळातला.
घरात कोण कोण असतं?

तिनं मान खाली घातली.
भाचा. शिजा. अकरा वर्षांचा.

पंधरा दिवसांनी पुन्हा आली.
शिजाला दोन थोबाडीत देऊन
बसमध्ये बसवून दिलं होतं, बहिणीकडे.
पैसे जातच होते.

त्या रात्री फोन माझ्या उशाशी.
दोन वाजून दहा मिनिटांनी, कुणी हात न लावता,
पडदा मिणमिणला. विझला.
पाठवलेल्या संदेशांत काहीच नाही,
शिल्लक मात्र दीडशे शिलिंग कमी.
चोर कारखान्यातूनच आत बसून आला होता,
डबा सीलबंद, आणि तो सिमची वाट बघत.

सकाळी सगळं सांगितलं.
माझा तो प्रश्न मात्र
मी गिळून टाकला.

तिनं आपल्या फोनला हात लावला नाही.
मी माझा पुढे केला. तोही बटणांचाच.
बहिणीचा नंबर तोंडपाठ होता,
तरी दोनदा चुकली.

पलीकडे घंटा वाजत राहिली.
"शिजाला दे," एवढंच म्हणाली,
आणि मग
बराच वेळ काही बोललीच नाही.
शिलिंग जात होते. जाऊ दिले.